‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठे?

 

आम्ही बचत गटांचं काम पाहतो. बैठकीत बचत, हप्ते, कर्ज यांचा हिशोब झाला की बोलणं हमखास पावसावर येतं. तिथे एक वाक्य ठरलेलं असतं, ‘हवामानवाले सांगतात त्याच्या उलटंच होतं.’ एक म्हणते, जोरदार पाऊस सांगितला आणि दिवसभर ऊन पडलं. दुसरी म्हणते, ‘तुरळक ठिकाणी’ म्हणाले आणि नेमका आमच्याच खळ्यावर कोसळला. सगळ्या हसतात आणि विषय संपतो.

पण हा हसून सोडून देण्याचा विषय नाही. एप्रिल-मेमध्ये गटाचे पापड, कुरडया उन्हात पडलेल्या असतात, त्यात कर्जाचा पैसा असतो. जुलैत पोरं ओढा ओलांडून शाळेत जातात. ऑक्टोबरात कापलेलं भात शेतात पसरलेलं असतं, म्हणजे वर्षाचं अन्न उघड्यावर असतं. या सगळ्या वेळी आपण पावसाबद्दल काहीतरी गृहीत धरूनच निर्णय घेतो. मग तो जरा समजून घ्यायला काय हरकत आहे?

आज आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. सगळे पाऊस एकाच तऱ्हेने तयार होत नाहीत, म्हणून सगळ्यांचा अंदाजही सारख्याच भरवशाने सांगता येत नाही. कोणता पाऊस कसा जन्मतो हे कळलं, तर कोणता अंदाज चार दिवस आधी धरायचा आणि कुठे दोन-तीन तास आधीचीच सूचना कामाची, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी ढगाकडे पाहू. भात शिजताना तपेलीवरचं झाकण उचललं की आतल्या बाजूला पाणी जमलेलं दिसतं. गरम वाफ गार झाकणाला लागली आणि तिचं पाणी झालं. आभाळात झाकण नसतं, पण हवा जितकी वर जाते तितकी गार होते. साधारण एक किलोमीटर वर गेलं की सहा-साडेसहा अंशांनी गारवा वाढतो. माथेरान सुमारे आठशे मीटर उंच आहे, म्हणून आपण इथे घामाघूम असतो तेव्हा तिथे बरं वाटतं. वर गेलेल्या हवेतली वाफ धुळीच्या आणि समुद्राच्या मिठाच्या बारीक कणांवर बसते आणि तिचे थेंब होतात. हा झाला ढग.

पण ढग म्हणजे पाऊस नव्हे. ढगातला थेंब इतका बारीक असतो की तो हवेतच तरंगतो. पावसाचा एक चांगला थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. ते एकत्र येण्याच्या दोन वाटा आहेत. एक पाण्याची, दुसरी बर्फाची.

पाण्याची वाट म्हणजे आपला आषाढ-श्रावणाचा पाऊस. नैऋत्येचे वारे समुद्रावरून ओल घेऊन येतात. मुंबई, पनवेल ओलांडून ते आपल्याकडे पोचतात. आपण एका बाजूला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला भीमाशंकरची रांग, यांच्या मधे राहतो. वाऱ्याला पुढे जायचं तर डोंगर चढावाच लागतो. चढला की तो गार होतो आणि ओल सोडतो. या ढगांना फार उंच जायची गरज पडत नाही. त्यांच्यात पाण्याचे थेंब एकमेकांवर आपटतात, मोठा थेंब खाली येताना लहानांना पोटात घेत येतो. म्हणून हा पाऊस बारीक थेंबांचा, पण न थांबणारा. त्यालाच आपण झड लागली म्हणतो. मुंबईत वर्षाला साधारण बावीसशे-तेवीसशे मिलिमीटर पाऊस पडतो, माथेरानला पाच हजारांच्या आसपास, आणि घाट उतरून पलीकडे पुण्यात सातशेच्या आसपास. वारा तोच, पण चढावावर त्याचं ओझं उतरलं.

हा पाऊस समुद्रावरच्या मोठ्या वाऱ्यांवर चालतो. वारा किती जोराचा आहे, समुद्रात कुठे कमी दाबाचं क्षेत्र आहे, हे उपग्रहाला आणि संगणकाला काही दिवस आधी दिसतं. म्हणून ‘येत्या तीन-चार दिवसांत कोकणात पावसाचा जोर वाढेल’ असं जुलैत सांगितलं, तर ते बहुतेक वेळा मनावर घेण्यासारखं असतं.

दुसरी वाट बर्फाची. बर्फ म्हटलं की तुम्हाला काश्मीर आठवेल, पण आपल्या डोक्यावरही बर्फ असतो. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरची हवा फुगून वर उसळते आणि दुपारनंतर फुलकोबीसारखा ढग उभा राहतो. साधारण पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं, आणि हा ढग तर बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो. वरच्या भागात बर्फाचे स्फटिक होतात. ते आजूबाजूची ओल ओढून भराभर वाढतात, जड होऊन खाली येतात आणि वाटेत वितळतात. वळवाचा टपोरा, अंगावर चटकन लागणारा थेंब वरून निघाला तेव्हा बहुतेकदा बर्फच होता. ढगातला वर जाणारा वारा फार जोराचा असला, तर बर्फाचा कण पुनःपुन्हा वर फेकला जातो, त्याच्यावर बर्फाचे थर चढतात आणि न वितळताच तो खाली येतो. ती गार. मोठी गार कापून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात अशाच ढगांनी गारपीट करून उभी पिकं झोपवली.

आता एक खूण लक्षात ठेवा. वीज तयार व्हायला ढगात बर्फाचे कण एकमेकांवर घासावे लागतात. आषाढातली झड आठवा, दिवसेंदिवस पाऊस, पण गडगडाट फारसा नाही. आणि वळवाचा किंवा हस्ताचा, म्हणजे आपला हत्तीचा पाऊस आठवा. आधी गडगडाट, मग पाऊस. म्हणून आभाळ गडगडलं की समजायचं, वर उंच ढग आहे आणि त्यात बर्फ आहे. म्हणजे वीज, वादळी वारा, कधी गारा. पावसाने गार झालेली हवा ढगातून खाली आदळते आणि पावसाच्या पुढे पळते. उकाड्यात एकदम थंड वारा सुटला, तर हातात काही मिनिटंच उरली असं धरायचं. पापडांच्या चादरी तेव्हाच गोळा करायच्या.

असा ढग तासाभरात उभा राहतो आणि तासा-दोन तासांत रिता होतो. त्याचा पसारा पाच-दहा किलोमीटरचा. तो कळंबवर उभा राहील की पोशीरवर, हे आदल्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. आदल्या दिवशी एवढंच सांगता येतं की उद्या जिल्ह्यात अशा ढगांना पोषक हवा आहे. ढग उभा राहिला की मग मुंबईच्या रडारला तो दिसतो, आणि पुढच्या तीन तासांची सूचना निघते. म्हणून उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरात सकाळी एकदा अंदाज वाचून भागत नाही. दुपारी पुन्हा पाहायचा.

दव आणि धुकं हेही ओलीचेच प्रकार, पण ते आभाळातून पडत नाहीत. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि गार होते. तिला लागलेल्या हवेतली ओल गवतावर थेंब होऊन बसते, ते दव. जमिनीलगतची हवाच तेवढी गार झाली की धुकं. धुकं म्हणजे जमिनीवर बसलेला ढग. रात्री आभाळ भरलेलं असेल तर ते गोधडीसारखं काम करतं, जमीन गार होत नाही आणि दव पडत नाही. भात निघाल्यावर आपण शेतातल्या ओलीवर वाल घेतो, त्याला हे दव थोडा आधार देतं आणि पोपटीच्या दिवसांपर्यंत शेंगा हिरव्या राहतात. पण वाळवण मात्र सूर्य मावळायच्या आत उचलायलाच हवं, पाऊस असो वा नसो.

आता अंदाजातले शब्द पाहू. ते कवितेचे शब्द नसतात, प्रत्येकाला माप आहे.

चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘मुसळधार’. ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति मुसळधार’. त्याच्याही वर ‘अत्यंत मुसळधार’. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. पंचनाम्याच्या वेळी महसूल खात्याकडून जी ‘अतिवृष्टी’ ऐकू येते, तिचं माप महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर.

मिलिमीटर म्हणजे किती? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपल्या हिशोबात सांगायचं तर एका गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक गुंठ्यावर दहा हजार लिटरचा एक टँकर रिकामा केला. एकरावर असे चाळीस टँकर.

मग जागेचे शब्द. जिल्ह्यात जितकी पाऊस मोजायची केंद्रं आहेत, त्यांतल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. पाव ते निम्म्या केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’. निम्म्या ते पाऊण केंद्रांवर असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’. त्याहून जास्त तर ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ हा शब्द पाऊस थोडा पडेल असं सांगतच नाही. कमी जागी पडेल, एवढंच सांगतो. ज्या जागी पडेल तिथे तो धो धो पडू शकतो. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला त्याच्या दहावा हिस्साही नाही. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ ऐकलं की आपलं गाव त्या तुरळकांत नाही असं धरू नका.

रंगही लक्षात ठेवा. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा.

आणखी एक गोष्ट डोंगराखाली राहणाऱ्या आपल्यासाठी फार महत्त्वाची. आपल्या अंगणातला पाऊस हाच आपला पाऊस नव्हे. पोशीर नदी डोंगराचं पाणी घेऊन येते आणि उल्हासला मिळते. इथे उघडीप असेल आणि वर घाटात कोसळत असेल, तर ते पाणी काही वेळाने आपल्याच साकवावर येणार. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर बायका. बोटी आणून सगळ्यांना सुखरूप काढलं. ते पाणी उल्हासचं होतं, म्हणजे आपल्याच डोंगरांचं. पुलावरून पाणी चाललं असेल तर ते किती खोल आहे हे पाहायलाही आत पाय घालू नका, आणि पोरांना त्या दिवशी घरीच ठेवा.

आणि एका दिवसाचा आकडा पुरेसा नसतो, पाऊस साठतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं तेव्हा विधानसभेत सांगण्यात आलं. पहिल्या दिवशी माती पाणी पिते, तिसऱ्या दिवशी ती जड आणि सैल झालेली असते. म्हणून उतारावरच्या आपल्या वाड्यांमध्ये तीन दिवसांची बेरीज करायची. त्यात जमिनीला नवी भेग दिसली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर रात्र व्हायची वाट न पाहता खाली शाळेत किंवा समाजमंदिरात यायचं. ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला कळवायचं.

बेरीज करायची तर मोजायला हवं. सरळ उभ्या बाजूंचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा घ्या. उघड्या जागी, झाड आणि पागोळ्यांपासून लांब, विटा लावून पक्का ठेवा. रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी धरा. पट्टीवर जितके मिलिमीटर ओले, तितका पाऊस. लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. पट्टी वाचता येणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलीला हे काम द्या, ती ते चोख करते.

आमच्या भागातल्या गटांनी याला एक शिस्त लावली आहे. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. ‘मेघदूत’ ॲपवर तो मराठीत वाचता येतो. ‘दामिनी’ ॲप आजूबाजूला वीज पडत असेल तर सांगतं. प्रत्येक गटात एक जण ‘हवामान ताई’. ती वाचते आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना सांगते. बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने असतात, काय सांगितलं, काय झालं, आपण काय केलं.

अंदाज कधी चुकणारच. मग निर्णय कसा घ्यायचा? आम्ही दोन प्रश्न विचारतो. अंदाज ऐकला आणि पाऊस आलाच नाही, तर काय जाईल? अंदाज ऐकला नाही आणि पाऊस आला, तर काय जाईल? समजा भात कापायला आलं आहे आणि परवा गडगडाटी पाऊस सांगितला आहे. ऐकून दोन दिवस थांबलो आणि पाऊस आला नाही, तर दोन दिवस गेले, मजुरांना पुन्हा सांगावं लागलं. न ऐकता सगळं कापलं आणि पाऊस आला, तर भात चिखलात पडून दाण्याला कोंब फुटतील. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ होतं, तेव्हा कोकणात असंच भात पावसात सापडलं. दोन दिवसांचा उशीर सोसता येतो, वर्षाचं भात गेलेलं सोसत नाही. मधला रस्ताही असतो. सगळं एकदम न कापता, दोन दिवसांत वाळून भारे बांधता येतील एवढंच कापायचं, आणि एकमेकींच्या शेतावर आळीपाळीने जायचं.

मोठ्या शास्त्रज्ञ बाईही याच वाटेने गेल्या. डॉ. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म १९४४ साली पुण्यात झाला. अमेरिकेत शिकून त्या परत आल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास केला. कोरडवाहू भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून, अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी पाहून, कधी पेरलं तर धोका कमी, हे त्यांनी शोधलं. २०२५ च्या जुलैत त्या गेल्या. त्यांच्या कामाला लागलेल्या नोंदी कुणीतरी वर्षानुवर्षं, रोज सकाळी लिहून ठेवल्या होत्या.

कुणी विचारेल, मग आजीची नक्षत्रं खोटी का? मुळीच नाही. नक्षत्रं म्हणजे कैक पिढ्यांच्या पावसाची सरासरी. पण सरासरी दर वर्षी पाळली जात नाही. मान्सून मुंबईत साधारण ११ जूनला येतो, म्हणजे मृगात. २०२५ साली तो २६ मेलाच आला, रोहिणी नुकती लागली होती. आजी सांगते ते सगळ्या वर्षांचं, अंदाज सांगतो तो या आठवड्याचा. राब, आवण, लावणी ठरवताना दोन्ही ऐकावं.

शेवटी विजेबद्दल, कारण तिथे मधला रस्ता नाही. गडगडाट ऐकू आला की हातातलं काम टाकून पक्क्या घरात जायचं. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, उघड्या माळावर थांबायचं नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. दोन भारे भिजले तर भिजू द्या. भारा पुन्हा वाळतो.

येत्या बैठकीत तुमच्या गटाची हवामान ताई निवडा, डबा ठेवायची जागा ठरवा आणि पहिली नोंद लिहा. पावसाळा संपला की तुमच्या गावाचे आकडे आमच्याकडे पाठवा. पोशीरला किती, कशेळ्याला किती, डोंगराखालच्या वाडीवर किती, ते आपण याच रेडिओवर शेजारी शेजारी ठेवून वाचू.